कोल्हापूरची लाठी आणि माझं ‘अहो’

मैत्रिणींनो, कोल्हापूरला गेलं की काय काय करायचं हे तुम्हाला मी सांगायला नकोच. अंबाबाईची ओटी, महाद्वार रोडवरची खरेदी, संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी भेळ, एक दिवस पन्हाळा, आणि परत येताना कोल्हापुरी चपलांचा जोड नि कांदा-लसणाची चटणी. कऱ्हाडहून कोल्हापूर दीड-दोन तासांचं. लग्नानंतर चौदा वर्षं मी याच क्रमाने कोल्हापूर करत आले. वन्संचं घर शिवाजी पेठेत, त्यामुळे उतरायचा प्रश्न नसतो. पण गेल्या मे महिन्यात आठ दिवस राहून आले ती पन्हाळा न बघता, चपला न घेता. आणले काय, तर अंगभर ठणका आणि हातात एक वेळूची लाठी!

असं का झालं हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मी सकाळचं घरचं आवरून दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. मार्चमध्ये परीक्षांच्या दिवसांत एकदा शाळेतून निघायला उशीर झाला. लेक बरोबर होती, सातवीतली. दिवेलागणीची वेळ, घर दोन मिनिटांवर. मागून मोटारसायकल आली, मागच्या सीटवरच्याने हात घातला आणि मंगळसूत्र तुटलं. अर्धं त्याच्या मुठीत गेलं, अर्धं माझ्या पदरात राहिलं. सोनं किती गेलं तो हिशेब सोडा. मला जे लागलं ते वेगळंच. मी ओरडले नाही. पळाले नाही. नुसती उभी राहिले, आणि तोंडातून शब्द फुटला तो ‘अहो!’ चोराला ‘अहो’! लेक माझ्याकडे बघत होती. ती बघतच राहिली ते मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर आमच्या घरात काय झालं, ते तुमच्याही घरात झालं असतं. ह्यांनी येण्या-जाण्याला रिक्षा ठरवून दिली. सासूबाईंनी खोटं मंगळसूत्र आणून दिलं. आणि मी, म्हणजे मीच, दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं, लेकीचा संध्याकाळचा खो-खोचा सराव बंद करून टाकला. ती शाळेच्या संघात होती. तिने एकदा विचारलं, ‘‘चूक कुणाची होती आई?’’ मी म्हटलं, ‘‘उलट बोलू नकोस.’’ शिक्षिका असून माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

मे महिन्यात वन्संचा फोन आला. भाचीचं मर्दानी खेळाचं शिबिर आहे, पेठेतल्याच मैदानावर, सकाळी सहा ते आठ. ‘‘लेकीला घेऊन ये, दोघी बहिणी जातील.’’ मनात म्हटलं, सुट्टीत पोरीचा रुसवा तरी निघेल. गेलो.

पहिल्या दिवशी मी नुसती सोडायला गेले होते. पहाटेचं कोल्हापूर मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. अजून नीट फटफटलेलं नसतं, आणि तालमींतून शड्डूचे आवाज येत असतात. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून पितळी पेल्यात फेसाळ दूध देतात. पैलवान पोरं तोंडाला पांढऱ्या मिशा लावून पीत उभी असतात. (मी घेतलं नाही. न तापवलेलं दूध माझ्याच्याने होत नाही. तुम्हीही उगीच हौस म्हणून पिऊ नका.) एका तालमीच्या दारातून आत डोकावले तर तांबडी माती चाळण्याचं काम चाललेलं. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात म्हणे! मला बाई थेट लोणच्याचीच आठवण झाली. आत मात्र गेले नाही. तालमीत बायकांनी जायचं नाही हा जुना शिरस्ता. आता तो मोडत चाललाय, कारण इकडच्या मुली कुस्तीत पुढे गेल्या आहेत. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. पण मी आपली उंबऱ्याशी थबकले. सवय!

मैदानावर मात्र सगळा उघडा मामला. पन्नास-साठ मुलंमुली, एक उताराला लागलेले वस्ताद, आणि त्यांच्या हाताखाली एक पंचविशीची ताई, नऊवारीचा घट्ट काष्टा घातलेली. एका बाजूला सतरंजीवर शस्त्रं मांडलेली. आधी त्यांना नमस्कार, मग हलगी कडाडली आणि खेळ सुरू. लाठी तर तुम्ही पाहिली असेल. बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा बोंडा लावलेला लांब भाला. फरी-गदका म्हणजे छोटी ढाल आणि चामडं मढवलेली छडी. विटा हा खास आपला मराठ्यांचा. भाल्याला दोरी बांधलेली, फेकून मारायचा आणि परत ओढून घ्यायचा. आणि दांडपट्टा! कोपरापर्यंत हात लोखंडी खोबणीत जातो, पुढे लवलवतं लांब पातं. मनगट वळवायची सोयच नाही, सगळं खांद्यातून आणि पायांतून फिरवायचं. २०२४ साली राज्य सरकारने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्या ताईने जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने असं कापलं, की माझी विळीसुद्धा इतकी सरळ फोड करत नाही.

तर मी हे सगळं बाकावर बसून, पर्स मांडीवर घेऊन बघत होते. दुसऱ्या दिवशी वस्ताद जवळ आले. म्हणाले, ‘‘वहिनी, बसून गुडघे धरत्यात. या की.’’ म्हटलं, ‘‘माझं वय का आता हे!’’ तर त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. तिथे माझ्याहून मोठ्या चौघीजणी मैदानाला फेऱ्या मारत होत्या. एक तर नातवाला घेऊन आली होती. मग काय करता!

खरं सांगते, दोन फेऱ्यांत माझा श्वास संपला. घरात दिवसभर आपण उभ्या असतो, जिने चढतो, पाणी भरतो, म्हणून वाटतं की आपल्याला वेगळा व्यायाम कशाला. पण ते सगळं काम वाकून आणि एका जागी. पळायची ताकद त्याने येत नाही. पाच मिनिटं धापा टाकत उभी असताना ध्यानात आलं, त्या दिवशी मला पळायचं सुचलं असतं तरी मी कुठवर पळणार होते? वस्तादांचा पहिला धडा हाच. हात-पाय नंतर, आधी दम. रोज फेऱ्या, बैठका, आणि सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कार आम्हा सातारकडच्यांना नवा नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात त्याचा केवढा प्रसार केला होता! लहानपणी शाळेत बारा घातलेले. आता तीन घालताना पाटाखाली सापडल्यासारखं झालं. आठव्या दिवशी सहापर्यंत आले.

लाठी मला तिसऱ्या दिवशी मिळाली. साधारण कानाइतकी उंच, वेळूची, हाताला तेलकट. पहिला हात शिकवला तेव्हा ती लाठी माझ्याच नडगीवर बसली. पवित्रा म्हणजे पायांची ठेवण. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, भार दोन्हींवर. वस्ताद येऊन खांद्याला हलकेच धक्का देत. ताठ उभी राहिले की मी लटपटायची, पवित्र्यात असले की जागची हलत नसे. एवढीशी गोष्ट, पण बसमध्ये उभं राहताना तिचा इतका उपयोग होतो, आजच करून बघा.

तुम्ही म्हणाल, लाठी घेऊन का भाजीबाजारात जायचंय? मीही हेच विचारलं. वस्ताद हसले. म्हणाले, ‘‘लाठी रस्त्यात उपयोगी पडंल म्हणून नाही शिकवत. ती फिरवताना नजर शिकती, अंतर कळतं.’’ पट्टा यायला वर्षं लागतात, आठ दिवसांच्या शिबिराने कुणी ताराराणी होत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला तो स्वच्छपणा आवडला. नाहीतर हल्ली चार डाव दाखवून ‘आता तुम्ही निर्भय’ असं सांगणारी शिबिरं आपण पाहतोच.

रस्त्यातल्या गोष्टी ताई शिकवायची, शेवटच्या अर्ध्या तासात. कुणी मनगट धरलं तर आपण जिवाच्या आकांताने मागे ओढतो, तिथेच फसतो. पकडीत अंगठा एका बाजूला एकटा असतो आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला. सुटायचं ते अंगठ्याच्या बाजूने. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर वाकवून हात आपल्या खांद्याकडे झटक्यात न्यायचा आणि त्याच वेळी पाऊल मागे. वन्संच्या मोठ्या मुलाने धरलं, चांगला सहा फुटी, आणि मी सुटले! मागून मिठी मारली तर अंग खाली टाकायचं, म्हणजे उचलता येत नाही, टाचेने त्याच्या पावलावर जोरात आणि कोपर मागे. मार द्यायचाच तर नाक, गळा, नडगी, आणि तुम्हाला मी लिहून सांगायला नको अशी जागा. छातीवर बुक्क्या मारत बसायचं नाही, ते सिनेमात. आणि सुटलं की थांबायचं नाही, उजेडाकडे, माणसांकडे पळायचं. साडी असेल तर निऱ्या एका हाताने वर घेऊन पळायची सवयसुद्धा तिने करून घेतली. काय हसलो आम्ही!

मग मी तिला माझं मंगळसूत्राचं सांगितलं. वाटलं, म्हणेल, असा हात पिरगळायचा होता. ती म्हणाली, ‘‘काकू, सोडलंत ते बरं केलंत. गाडीवरचा माणूस ओढत असताना धरून ठेवलं असतं तर तोंडावर आपटला असता, मान गेली असती.’’ दोन महिने मी स्वतःला भित्री म्हणत होते, आणि इथे ही पोर म्हणत होती की त्यातलं निम्मं बरोबर होतं. निम्मंच हं. ‘‘पण आवाज?’’ तिने विचारलं. ‘‘आवाज कुठं गेला?’’

म्हणून पाचव्या दिवशी ओरडायचा तास. हा सगळ्यांत अवघड! पोटातून, दणकून ‘‘ए! लांब हो!’’ असं ओरडायचं. पोरी बिनधास्त ओरडल्या. आम्हा बायकांच्या रांगेत नुसती खसखस. एकीचा घसा बसला, एकीने पदर तोंडाला लावला. माझी पाळी आली आणि काय सांगू, पुन्हा तोंडातून ‘‘अहो, लांब व्हा!’’ सगळं मैदान हसलं. लेकही हसली. मीही. पण रात्री झोप लागेना. लहानपणापासून हळू बोल, हळू हस, हेच ऐकत वाढलेलो आपण. आणि मी शाळेत मुलींना काय सांगते? हळू बोला! सातव्या दिवशी मात्र निघाला आवाज. कुठून आला कोण जाणे. झाडावरचे कावळे उडाले. वस्ताद नुसते म्हणाले, ‘‘आता कसं!’’

रात्री जेवताना वन्संच्या यजमानांनी (ते कोर्टात कारकून होते) कायद्याचं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावाला लागेल तितकाच मार द्यायचा, सूड म्हणून नाही. पडलेल्याला झोडपत बसलात तर तो बचाव राहत नाही. हिसकावणं हाही आता कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, तेव्हा ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसू नका. ११२ नंबर मात्र मोबाइलमध्ये शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका, मुलांसकट पाठ असू दे.

शेवटच्या दिवशी खासबाग मैदान पाहून आलो. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते, तेव्हा रोमचं ते जुनं प्रचंड क्रीडागार पाहून त्यांच्या मनात हे आलं आणि १९१२ साली मैदान तयार झालं. मध्ये तांबडा हौद, भोवती चढत गेलेली बसायची जागा, कुठूनही बसा, कुस्ती दिसणारच. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, त्याचं फार वाईट वाटलं. हौदाकडे बघत लेक म्हणाली, ‘‘आई, जूनमध्ये संघाची निवड आहे.’’ एवढंच. मी काही बोलले नाही. बसने निघालो तेव्हा कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा लागला. १७०० साली राजाराम महाराज गेले, त्यांच्या मागे औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली ही बाई तेव्हा पंचविशीची होती. पुतळा मागे पडल्यावर मी म्हटलं, ‘‘सराव किती वाजता सुटतो?’’

जून लागला. रिक्षा मी बंद केली, ह्यांच्याशी थोडं वाजलं. सकाळी गच्चीवर दोघी सूर्यनमस्कार घालतो, मी आठ, ती पंचवीस. खो-खोचा सराव साडेसहाला सुटतो आणि त्या पाचजणी मिळून येतात, ही अट तिने न वाद घालता मान्य केली. पहिल्या दिवशी तिला यायला सात वाजले. मी घड्याळाकडे बघितलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. गॅलरीत चार वेळा जाऊन आले. ती आली ती गुडघा फोडून, धुळीने माखून, ‘‘भूक लागली’’ म्हणत.

लाठी दाराआड उभी असते. सध्या सासूबाई तिने शेवग्याच्या शेंगा पाडतात.