आकडा पाहून बाटली घेऊ नकोस

सिव्हिल लाइन्स, झाशी

चि. बाळू,

सासरे निवृत्त होताहेत आणि त्यांना एक उत्तम सिंगल माल्ट द्यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. जाणकार माणसाला विचारपूर्वक निवडलेली बाटली देणं हा त्याचा मानच आहे. ‘बारा वर्षांची घेऊ की अठरा?’ असं विचारतोस. माझं ऐकशील तर आपल्या देशातली, वयाचा आकडा नसलेली घे.

बाटलीवरचं वय म्हणजे तिच्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीने ओकच्या पिंपात काढलेली वर्षं. हे माप थंड मुलखात ठरलं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जातं, बंगळुरात १० टक्क्यांच्या आसपास. उष्णतेमुळे ते लाकडाचा रंग आणि चवही झपाट्याने घेतं. आपल्याकडे अठरा वर्षं ठेवलं, तर पिंपात फारसं उरणार नाही आणि उरेल त्याला लाकडाचीच चव येईल. म्हणून आपले कारागीर वर्षं मोजण्यापेक्षा चव घेऊन पिंप उतरवतात. बंगळुरूच्या ‘अमृत’ने २००४ साली आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला नेली ती थेट ग्लासगोत, स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. गोव्याची ‘पॉल जॉन’ २०१२मध्ये ब्रिटनच्या बाजारात उतरली. आमच्या उत्तर प्रदेशातली रामपूरची डिस्टिलरी १९४३ची, तिची सिंगल माल्ट २०१६मध्ये आली. मग अशी देशी बाटली घेताना संकोच कशाला?

दुकानात लेबल सावकाश वाच. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे फक्त मोड आणलेल्या जवाची आणि एकाच डिस्टिलरीत गाळलेली. ‘ब्लेंडेड माल्ट’मध्ये अनेक डिस्टिलऱ्यांचा माल असतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत तर मळीचं स्पिरिट असतं. मग अल्कोहोलची टक्केवारी बघ. ४६ किंवा त्याहून जास्त असेल आणि ‘नॉन चिल फिल्टर्ड’ लिहिलं असेल, तर उत्तम. गार केल्यावर व्हिस्की गढूळ दिसू नये म्हणून जे तेलकट अंश गाळून टाकतात, ते तिच्यात शाबूत असतात आणि जिभेवरचा भरीवपणा बराचसा त्यांचाच. रंगाला भुलू नकोस. कॅरॅमल घालून तो गडद करता येतो.

‘पीटेड’ असेल तर जव पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेला असतो. सासऱ्यांना त्या धुराची सवय नसेल, तर पहिल्याच घोटाला औषधाचा वास आल्यासारखं वाटेल. त्यांच्यासाठी मी पॉल जॉनची ‘ब्रिलियन्स’ निवडेन: धूर नाही, ४६ टक्के, बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपांत मुरलेली.

काचेच्या कपाटात दिव्याखाली तापत उभी असलेली बाटली घेऊ नकोस, आतली मागून घे. सील आणि अबकारी खात्याचं लेबल तपास. घरी उभीच ठेव, आडवी ठेवलीस तर कडक मद्य बूच खातं.

‘झाशीहून आणा’ म्हणतोस, ते मात्र मी करणार नाही. प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा वेगळा, आणि भेटीच्या वस्तूला चोरटेपणाचा डाग नको. पुण्यातच परमिट काढून घे. देताना ती का निवडलीस हे त्यांना सांग, आणि पहिला पेला थोडं साधं पाणी घालून, बर्फाशिवाय घ्यायला सुचव. पाण्याने वास मोकळा होतो, बर्फाने दबतो.

सासऱ्यांना माझा नमस्कार. त्यांना कशी वाटली, ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा