समासातली पेन्सिल

हस्तलिखित हातात आलं की मी आधी समास बघतो. डाव्या बाजूला ऐसपैस जागा सोडलेली दिसली की बरं वाटतं. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचेल, वाचताना त्यालाही काही लिहावंसं वाटेल, अशी आशा त्या जागेत असते.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी लिहिणारी माणसं जमतात. दोन कपाटांच्या मधे सतरंजी पसरतात. खिडकीतून एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू येत असते. मागच्या बैठकीत एका अंगणवाडीताईंनी गोष्ट वाचली. नवऱ्याच्या दुखण्यापायी बाई सासूच्या पाटल्या मोडायला जाते, अशी. वाचून झालं तरी कुणी बोलेना. मग एसटीत कंडक्टर असलेले आमचे एक कविमित्र म्हणाले, "ताई, पाटल्या काट्यावर ठेवल्या तिथंच गोष्ट संपली. पुढचं रडणं आमचं आम्ही रडतो की." ताई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि पेन्सिल उचलून त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर तिरकी रेघ मारली. तेवढ्या एका रेघेनं गोष्ट उभी राहिली.

असं वाचणारं माणूस मिळणं हे लिहिणाऱ्याचं भाग्य. गिरगावातल्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथे'साठी वर्षानुवर्षं हेच काम केलं. आलेल्या कथेत जीव दिसला, की लेखकाशी पत्रव्यवहार करून ती पुन्हा लिहून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. १९८२ साली मासिक बंद झालं. तशी पेन्सिल आज फार थोड्या हातांत उरली आहे. बरेचदा हस्तलिखित तडक डीटीपीला जातं आणि नव्या लेखकाच्या वाट्याला धड मुद्रितशोधनसुद्धा येत नाही.

सतरंजीवर कोणाला जागा मिळते, हेही पाहायला हवं. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी जायचं नाकारलं. जे माणसाचे हक्कच खऱ्या अर्थानं मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असं त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना रोखठोक कळवलं. त्या पत्रानं दाखवलेली उणीव भरून निघायला पुढं फार वर्षं लागली, आणि ती भरून काढली बाहेर ठेवलेल्यांनीच. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि त्याच्या जोडीनं लेखक-वाचक मेळावे भरवले. ज्यांच्या घरात लिहिणारी पहिलीच पिढी होती, त्यांना तिथं आपली ओळ ऐकणारं, आपलं दुःख ओळखणारं माणूस भेटलं. दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आलं ते 'ग्रंथाली'कडून, म्हणजे वाचकांसाठी उभ्या राहिलेल्या चळवळीकडून. अशी पुस्तकं एकेकट्यानं लिहिली गेली खरी, पण जमलेल्या माणसांनी ती तोलून धरली.

आमच्या सतरंजीवर हल्ली कवितेइतकंच करारावर बोलणं होतं, आणि मला ते जराही रुक्ष वाटत नाही. 'पैसे भरा, पुस्तक काढून देतो' असा फोन येतो. साठवलेली पुंजी जाते आणि प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली येऊन पडतात. बायकामुलांना काय सांगायचं, या विचारानं माणूस लिहिणंच सोडतो. स्वखर्चानं छापण्यात कमीपणा काहीच नाही. पण प्रती किती, किंमत काय, विकणार कोण, हिशेब केव्हा देणार, हे कागदावर हवं. हक्क कायमचे लिहून देऊ नयेत. करारात हक्कांची मुदत लिहिलेलीच नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याला हे ठाऊक आहे त्यानं ते दुसऱ्याला सांगावं. ठाऊक असून जो दडवतो, तो कितीही चांगलं लिहीत असला तरी माझ्या मनातून उतरतो.

तुमच्या गल्लीत, कचेरीत, रोजच्या गाडीच्या डब्यात कुणी ना कुणी लिहीत असणारच. बहुधा ते बोलून दाखवत नसेल. पुढच्या वेळी भेटलं की वही मागून घ्या, नीट वाचा, आणि जे वाटलं ते त्याला समोर बसून खरंखरं सांगा.