कपाळाला चिकटद्रव्य, जबड्याला पट्टी

चेहऱ्याची मोडलेली हाडे जोडण्यासाठी टायटॅनियमच्या ज्या छोट्या पट्ट्या वापरतात, त्या स्क्रूने बसवाव्या लागतात आणि स्क्रू धरण्याइतकी जाडी हाडाला असावी लागते. जेथे हाडाचा नुसता पापुद्रा असतो, तेथे ऊतक-चिकटद्रव्याचा, म्हणजे शरीराच्या पेशीजालाला चिकटणाऱ्या आणि डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ग्लू’ म्हणून येणाऱ्या द्रवाचा, विचार केला जातो. कंधार-लोहा रस्त्यावर दुचाकीवरून पडलेल्या प्रस्तुत लेखकाच्या चेहऱ्यावर हे दोन्ही उपाय एकाच शस्त्रक्रियेत करावे लागले. कंधारला जखम बांधून त्यास नांदेडला हलवण्यात आले, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये खालचा जबडा मोडलेला आणि कपाळपोकळीची, म्हणजे भुवईवरच्या हाडातील हवेच्या पोकळीची, पुढची भिंत फुटून आत दबलेली दिसली. चिकटवण्याची गोष्ट निघताच लेखकाच्या आईने काकुळतीने विचारले, “डॉक्टरसाहेब, हाडाला गोंद कसा टिकंल?” त्यावर “आई, कपाळानं घास चावायचा नसतो,” हे सर्जनचे उत्तर या साऱ्या विषयाचे मर्म सांगणारे होते.

कपाळाचे तुकडे फुटक्या माठाच्या खापऱ्यांसारखे होते आणि त्यांतला सर्वांत लहान हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. त्याला ड्रिल लावले असते, तर त्याचेच दोन झाले असते. सर्जनांनी नंतर समजावल्याप्रमाणे, जखमेतूनच ते तुकडे बाहेर काढून धुतले गेले, गॉजवर मांडून जुळवले गेले आणि ब्युटाइल सायनोॲक्रिलेटच्या थेंबांनी जोडून परत बसवले गेले. सायनोॲक्रिलेट हे कुळ घरातल्या फेविक्विकचेच असून १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दर्शिकेसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना ते त्यांच्या हाती आले. किंचित ओलाव्याशी गाठ पडताच त्याच्या रेणूंची साखळी बनून ते घट्ट होते, मात्र हाडावर रक्ताचा थर असेल तर ते हाडाला न धरता रक्तालाच धरते, म्हणून हाड कोरडे करण्यातच सर्जनचा बराच वेळ जातो. घरगुती द्रव्य शरीरात चालत नाही, कारण आखूड साखळीचे प्रकार लवकर विघटित होऊन त्यांतून सुटणारे फॉर्माल्डिहाइड भोवतालच्या पेशींना इजा करते. लांब साखळीचे ब्युटाइल सावकाश विघटित होते. थेंबही मोजक्याच ठिकाणी व वरच्या बाजूने द्यावे लागतात, कारण भेगेत उतरलेले द्रव्य नव्या हाडाच्या वाटेतली भिंतच ठरते.

जबड्याला मात्र पट्ट्याच लागल्या आणि ते योग्यच झाले. प्रत्येक घासाचा ताण सोसणाऱ्या हाडाला केवळ चिकटद्रव्यावर सोडणे हा रुग्णावर अन्याय ठरेल. कित्येक आठवडे लेखकास पेज आणि वरण, व पुढे दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, एवढ्यावरच राहावे लागले. आज जबड्याच्या कडेवरून बोट फिरवल्यास पट्टीची धार हाताला लागते, पण कपाळावर काहीच लागत नाही.