डोंगराच्या फोटोत माणूस हवा

वाचकहो, आपल्या भोर-वेल्ह्याचे डोंगर पुण्या-मुंबईत भिंतीवर टांगलेले असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? पावसाळ्यात शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवून जी मंडळी मढे घाटाकडे, वरंधा घाटाकडे, नाहीतर राजगड-तोरण्याच्या वाटेला लागतात, त्यांतलेच काही हौशी लोक पुढे एकत्र येतात. सात-आठ जण मिळून आपापले निवडक फोटो मोठे करून घेतात, चौकटीत बसवतात आणि चार दिवस एखादे दालन घेऊन प्रदर्शन भरवतात. १८३९ साली १९ ऑगस्टला फ्रान्समध्ये फोटो काढण्याची कृती जगाला खुली करण्यात आली. तो दिवस छायाचित्रण दिन म्हणून पाळतात, त्यामुळे ऑगस्टच्या सुमारास अशी प्रदर्शने बरीच भरतात.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात मी अशी काही प्रदर्शने पाहिली आहेत. फोटो खरोखर सुंदर असतात. धुक्यातून वर आलेला तोरण्याचा माथा, रायरेश्वराच्या पठारावरची पिवळीधमक सोनकी, भाटघरच्या पाण्यात उतरलेले ढग. आपण ज्या डोंगराकडे रोज पाठ करून नांगर धरतो, तोच डोंगर तिथे पाहिला की क्षणभर ओळख पटत नाही. त्या मंडळींच्या चिकाटीला मी नावे ठेवणार नाही. एका फोटोसाठी पहाटे चारला गड चढून ऊन पडायची वाट पाहात बसणे, हे काही आळशी माणसाचे काम नव्हे.

एकदा शेतकऱ्यांचा एक गट घेऊन मी पुण्याला शेतीचे प्रदर्शन दाखवायला गेलो होतो. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सगळ्यांना या फोटोंच्या प्रदर्शनात नेले. मंडळी आधी बिचकली, मग पांगली. वेल्ह्याकडचे एक म्हातारे बाबा मात्र एकाच फोटोसमोर खिळून राहिले. डोंगरउतारावरची भातखाचरे, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. खाली नाव लिहिलेले, ‘निसर्गाचा हिरवा गालिचा’. मला वाटले, बाबांना फोटो आवडला. तेवढ्यात ते म्हणाले,

“सायेब, ह्या तिसऱ्या खाचराचा बांध आतून पोखरलाय. बघा, खालच्या खाचरात गढूळ पाणी उतरलंय. खेकड्यानं बीळ केलं असंल.”

ज्या तरुणाचा तो फोटो होता, तो जवळच उभा होता. त्याने वाकून पाहिले. दोन बोटे रुंदीचा तो गढूळ पट्टा त्याच्या स्वतःच्या फोटोत होता, पण त्याला आजवर दिसला नव्हता. त्याने प्रांजळपणे तसे सांगितले. बाबा म्हणाले, “तुझा काय दोष न्हाई पोरा. बांध ज्याचा हाये, त्याला दिसला असता. पर त्यो तर फोटूत न्हाईच.”

पुढे मी सगळे दालन त्या नजरेने फिरून पाहिले. डोंगर होते, ढग होते, पाणी होते, पाखरे होती. माणूस जवळजवळ नव्हताच.

आता तुम्ही म्हणाल, नसला माणूस तर बिघडले काय? ऐका. तो गालिचा निसर्गाने अंथरलेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी उतार फोडला, दगडी ताल रचले, माती धरून ठेवली, तेव्हा खाचर झाले. दरसाल राब भाजून, रोप टाकून, चिखलणी करून, भर पावसात कंबर मोडेपर्यंत वाकून लावणी केली, तेव्हा ते हिरवे झाले. दोन वर्षे बांध घातले नाहीत, तर तिथे गवत आणि घळी उरतील. भाटघरचे निळे पाणीही तसेच. १९२८ साली धरण पुरे झाले, तेव्हा त्या पाण्याखाली जमिनी गेल्या. अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबऱ्याजवळचे जुने शिवमंदिर उघडे पडते.

हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ही भूमी रिकामी दिसते. रिकामी दिसणारी जमीन विकत मागायला लोक लगेच येतात. धरणाच्या काठाला, गडाच्या पायथ्याला जमीन घेणारा गिऱ्हाईक भात किती पिकते हे विचारत नाही, तो ‘व्ह्यू’ विचारतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत आपला राजगड आहे. वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड तालुका झाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण पाहुणे वाढतील, तसे गिऱ्हाईकही वाढतील. आपली जमीन म्हणजे नुसता देखावा नव्हे, हे दाखवायचे काम आपलेच आहे.

ते फोटोनेही दाखवता येते. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात मोठा दुष्काळ पडला. गवताळ माळ नांगरून टाकलेले, त्यात पाऊस नाही. वाऱ्याने सगळी माती उडाली. तेव्हा तिथल्या सरकारने छायाचित्रकार नेमून खेडोपाडी पाठवले. १९३६ साली आर्थर रॉथस्टीन याने ओक्लाहोमात एक फोटो काढला. धुळीच्या वादळात एक शेतकरी आणि त्याची दोन मुले चालली आहेत, एवढेच त्यात आहे. १९३८ साली अशा सरकारी छायाचित्रकारांचे काम न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. शहरातल्या लोकांनी ते पाहून चिठ्ठ्यांवर आपली मते लिहून ठेवली. मातीची धूप म्हणजे काय, हे आकडे वाचून जे कळत नाही, ते त्या फोटोतल्या माणसांनी सांगितले.

आपल्याला न्यूयॉर्कला जायला नको. २०२१ सालापासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाचा फोटो काढतो, म्हणजे हात तर बसलेला आहे. तेव्हा माझे ऐकाल, तर एवढे करा.

शिवारातली एक जागा ठरवा; एखादा मोठा दगड किंवा देवळाचा ओटा. तिथे उभे राहून त्याच दिशेने वर्षातून तीनदा फोटो काढा: वैशाखात, लावणी झाल्यावर आणि कापणीआधी. सकाळचे किंवा मावळतीचे तिरपे ऊन साधा. भर दुपारी बांध आणि घळी सपाट दिसतात. फोटोत घरचे कुणीतरी उभे करा, हातात काठी द्या. बांध किती उंच, ओघळ किती खोल, हे माणूस शेजारी असल्याशिवाय समजत नाही. मागे तारीख, गट नंबर आणि उभे राहिलेल्याचे नाव लिहा.

तीन-चार वर्षांचे फोटो शेजारी ठेवलेत, की बांध कुठे खचतो, ओढा कुठल्या अंगाला सरकतो, वरची झाडी किती उरली, हे आपोआप दिसेल. गावावरच्या डोंगराचाही फोटो ठेवा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेच्या वर माणसे दगावली. उतारावर नवी भेग, नवा पाझर, तिरकी होऊ लागलेली झाडे दिसली, तर फोटोसह लगेच तलाठ्याला आणि तहसील कचेरीला कळवा. मोठा पाऊस लागला तर फोटोसाठी थांबू नका, आधी माणसे हलवा.

आणि हे फोटो घरात दडवू नका. गावच्या जत्रेला शाळेच्या पडवीत सुतळी बांधून तीस-चाळीस फोटो लावा. म्हाताऱ्यांना खुर्ची द्या आणि पोरांना त्यांच्याभोवती बसवा. कुठला ताल कुणी रचला, कुठल्या खाचराचे नाव काय, हे त्यांना विचारा आणि वहीत उतरवून घ्या. शहरातले फोटोवाले आले, तर त्यांनाही बोलवा. त्यांचा कॅमेरा आणि तुमचे डोळे एकत्र आले, तर दोघांचाही फायदा आहे.

येत्या लावणीला पहिला फोटो काढा. घरची लक्ष्मी चिखलात उभी असेल, तिला बाजूला व्हायला सांगू नका. आधी तिचे नाव लिहा, मग डोंगराचे.