जेरी ब्राउन यांची ओकलंडमधली आठ वर्षं

प्रिय सुधाताई,



ज्याने राज्य चालवलं त्याने चार लाख वस्तीच्या शहराचा महापौर होणं म्हणजे उतरती कळा, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. जेरी ब्राउन 1975 ते 1983 कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. 1976, 1980 आणि 1992 अशा तिन्ही वेळा डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना हुकली आणि 1998 मध्ये ते त्याच राज्यातल्या ओकलंडच्या महापौरपदी निवडून आले. मुंबईच्या महापौराला मान मिळतो आणि कारभार 1888 च्या कायद्यानुसार आयुक्ताच्या हाती असतो. त्या सवयीने पाहिलं तर हे पद शोभेचं वाटणारच. ओकलंडमध्येही तोवर प्रशासन सिटी मॅनेजरकडे होतं. म्हणून ब्राउन यांनी त्याच वर्षी शहराची सनद बदलण्याचा 'मेझर एक्स' हा प्रस्ताव मतदारांकडून मंजूर करून घेतला आणि 1999 च्या जानेवारीत प्रत्यक्ष अधिकार घेऊनच ते खुर्चीवर बसले. निवृत्तीची सोय पाहणारा माणूस एवढा खटाटोप करत नाही.

राजधानीत बसून कायदा करणाऱ्याला त्या कायद्याची फळं दिसतातच असं नाही. शहरात ती रोज समोर येतात, आणि ब्राउन यांच्या बाबतीत तर ती त्यांच्याच सहीची होती. 1976 मध्ये त्यांनी ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा कायदा केला. त्याआधी कैद्याला कधी सोडायचं हे पॅरोल मंडळ ठरवत असे आणि त्या मनमानीवर रास्त टीका होत होती. पण मुदत आधीच ठरल्यावर तुरुंगात शिकण्याचं, सुधारण्याचं कारणच उरलं नाही; मुदत संपली की माणूस होता तसाच बाहेर. अशी माणसं मोठ्या संख्येने ओकलंडच्या वस्त्यांत परतत होती. 2003 मध्ये, महापौर असतानाच, ब्राउन यांनी आपला कायदा साफ फसल्याचं जाहीरपणे सांगितलं. तीच गोष्ट पैशाची. 1978 च्या प्रपोझिशन 13 या राज्यातल्या मतदारांपुढच्या प्रस्तावाने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधला आणि स्थानिक विशेष करांसाठी दोन तृतीयांश मतांची अट घातली. ब्राउन यांचा त्याला आधी विरोध होता. तो मंजूर होताच ते हिरिरीने अंमलबजावणीला लागले. 2004 मध्ये ओकलंडला पोलीस आणि हिंसा-प्रतिबंधासाठी 'मेझर वाय' हा कर लावायचा होता, तेव्हा त्याच दोन तृतीयांशांची जुळवाजुळव शहराला करावी लागली.

तुम्ही म्हणाल, एका माणसाच्या शिक्षणाची किंमत शहराने का मोजावी? हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. मध्यवर्ती भागात दहा हजार रहिवासी आणण्याच्या त्यांच्या योजनेने ओस पडलेल्या रस्त्यांवर वस्ती आली, पण स्वस्त घरांचा प्रश्न मागे पडला. 2006 मध्ये खुनांची संख्या 140 च्या वर गेली. 2003 मध्ये शहराच्या शाळा राज्याने ताब्यात घेतल्या आणि महापौरांचं लक्ष मात्र त्यांनी स्वतः काढलेल्या दोन शाळांकडे, लष्करी धर्तीच्या आणि कलांच्या, अधिक होतं. यशस्वी महापौर म्हणून त्यांचं नाव मी घेणार नाही. शिवाय पद आपोआप कुणाला काही शिकवतं असंही नाही. त्यांच्यानंतर आलेले रॉन डेलम्स तर सत्तावीस वर्षं अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये होते. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांसाठी त्यांनी दीर्घ लढा दिला आणि 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा झाला. 2008 ची मंदी त्यांच्या वाट्याला आली हे खरं, पण महापौर म्हणून ते चाचपडले आणि एका मुदतीनंतर पुन्हा उभे राहिले नाहीत. सत्तरी ओलांडून आलेल्या डेलम्स यांना तिथे जे उमगलं असेल ते घेऊन जायला पुढचं पद नव्हतं. ब्राउन यांना होतं, आणि म्हणूनच राजकीय आयुष्याच्या मध्यावर शहराकडे वळणं मला मोलाचं वाटतं.

2011 मध्ये ते पुन्हा गव्हर्नर झाले. 2013 मध्ये शाळांच्या अनुदानाची पद्धत बदलून खर्चाचे निर्णय बऱ्याच अंशी स्थानिक मंडळांकडे दिले आणि गरीब मुलांसाठी जादा पैसा ठेवला. 2016 मध्ये प्रपोझिशन 57 आणून सुधारणाऱ्या कैद्याला लवकर सुटण्याची वाट उघडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या कायद्याची ही दुरुस्तीच. त्याआधी, आल्या आल्या, त्यांनी राज्यातल्या सुमारे चारशे पुनर्विकास संस्था बंद करायला घेतल्या. ओकलंडमध्ये अशाच संस्थेच्या पैशावर त्यांची मध्यवर्ती भागाची योजना चालली होती, त्यामुळे अनेक महापौरांनी त्यांना दुटप्पी ठरवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या संस्था वाढीव मालमत्ता करातला शाळांचा आणि काउंटींचा वाटा स्वतःकडे राखून ठेवत आणि तो पैसा बिल्डरांपर्यंत कसा पोचतो हे त्यांनी आतून पाहिलं होतं. मात्र स्वस्त घरांसाठी राखीव असलेला एक निधीही त्याबरोबर गेला आणि त्याची भरपाई त्यांनी वेळेवर केली नाही. तिथे तुम्ही त्यांना दोष दिलात तर मी वाद घालणार नाही.

तुमचा,
श्रीधर