टाकाकिया आणि सोनेरी वानर

पावसाळ्यात कौलांवर जी हिरवी मखमल उगवते, तिच्या कुळात टाकाकिया नावाचे एक मॉस आहे. रोप फार तर नखाएवढे. सिक्कीमच्या उंच हिमालयातील नमुन्यांवरून त्याच्या एका जातीची नोंद १८६१ साली झाली. परंतु हे नेमके कोण, हे ठरण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. नर रोप आढळेना, बीजाणूंची कुपी दिसेना. १९५८ मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नोरिओ टाकाकी यांच्या नावाने त्याचे बारसे झाले, तेही मॉसचे भाऊबंद असलेल्या लिव्हरवर्टच्या घरात! पुढे अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर कुप्या धरलेली रोपे सापडली, तेव्हा कोठे खरे गोत्र कळले.

याच हिमालयाच्या पायथ्याशी, आसाम व भूतानच्या अरण्यांत, सोनेरी वानर राहते. चहामळ्यांत आयुष्य घालविलेले निसर्गप्रेमी ई. पी. गी यांनी १९५३ मध्ये त्याच्याकडे लक्ष वेधले आणि १९५६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव लाभले. मान्यता मिळावयास अवघी तीन वर्षे पुरली. देखण्या जिवाचे काम लवकर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

जागतिक लाल यादीत सोनेरी वानर 'संकटग्रस्त' आहे, तर टाकाकिया सेराटोफिला ही जात त्याखालच्या 'असुरक्षित' वर्गात. म्हणजे वानराचा धोका अधिक. मात्र तो डोळ्यांना दिसणारा आहे. मानस आणि संकोश या नद्यांमधील जंगलाचे तुकडे झाले. झाडावरून झाडावर जाणारा हा प्राणी रस्त्यावर उतरतो, विजेच्या तारांना लटकतो. त्यावर उपायही सुचतात : तारांना आवरण, रस्त्यावरून दोरांचे पूल, तुटलेली राने जोडणारी लागवड. शिवाय डोकी मोजता येतात.

मॉसची गादी मोजावयाची कशी? एक रोप कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते? टाकाकियाच्या दुसऱ्या जातीवर तिबेटमध्ये दशकभर नजर ठेवण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार हा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा. हिमालय उंचावत गेला, तसा तोही वर चढत गेला. आता हवा तापते आहे आणि त्याची व्याप्ती आक्रसते आहे. शिखराच्या वर चढावयास जागा नाही. येथे कोणता दोर बांधावा?