आधी जुनी वही बघा

शाळेत नवा मुलगा प्रवेशाला आला, की जनरल रजिस्टरात नाव चढवण्याआधी बघावं लागे. हा पूर्वी आपल्याच शाळेत होता का? दुसरीकडून आला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणलाय का? एकाच मुलाच्या दोन नोंदी झाल्या, की पुढे जन्मतारखेपासून सगळा घोळ!

हे आठवलं ते नातीच्या प्रोग्रॅममुळे. (मंडळी, विषय जरा तांत्रिक आहे, पण पळून जाऊ नका.) मी शिकवलेल्या मुलांची यादी माझ्याकडे आहे. वर्ष, तुकडी, गाव, आता कोण कुठे असतं ते, आणि जे आपल्या आधी गेले त्यांच्या नावापुढे एक लहानशी फुली. वह्यांची पानं सुटायला लागली, तेव्हा नातीने सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि नावं एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवली. हा डेटाबेस म्हणजे आपल्याच मशीनवरची एक साधी फाईल, वेगळा सर्व्हर वगैरे काही लागत नाही. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली तयार केला. आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्येही तो असतोच.

तर दिवाळीत एका संध्याकाळी प्रोग्रॅम उघडला आणि समोर आलं, ‘एकूण विद्यार्थी : ०’. ना कुठली चूक दाखवली, ना कसली सूचना. छातीत धस्स झालं. वह्या तर केव्हाच रद्दीत गेलेल्या. त्या फुल्या आता कोणाला विचारून घालायच्या?

नातीने शोध लावला. नावं सुखरूप होती, जुन्या फोल्डरमध्ये. प्रोग्रॅमला फाईलचं नुसतं नाव सांगितलेलं होतं, पूर्ण पत्ता नव्हता. त्या दिवशी तो दुसऱ्या फोल्डरमधून सुरू झाला, म्हणून त्याने फाईल तिथेच शोधली. नसली तर काय? एसक्यूलाइटची रीत अशी, की जोडायला सांगितलेली फाईल नसेल तर ते गुपचूप नवी करतं. वर प्रोग्रॅममध्ये ‘क्रिएट टेबल इफ नॉट एग्झिस्ट्स’ हे वाक्य. म्हणजे तक्ता नसेल तर आखून घे. झालं, कोरी वही, कोरे रकाने आणि शून्य विद्यार्थी!

मी म्हटलं, “अगं, मग आधी फाईल आहे का ते बघायचं.” ती म्हणाली, “आजी, तेवढ्याने भागत नाही. शून्य बाइटची रिकामी फाईलसुद्धा ‘आहे’ असंच उत्तर मिळतं, आणि एसक्यूलाइट तिला रिकामा डेटाबेस म्हणून चालवून घेतं. शिवाय आपण बघितल्यावर आणि उघडण्याआधी दुसरा प्रोग्रॅम मध्येच फाईल करू किंवा पुसू शकतो.”

मग तिने तीन गोष्टी केल्या. फाईलचा पूर्ण पत्ता दिला. उघडताना ‘मोड आरडब्ल्यू’ लिहिलं, म्हणजे असेल तर वाचा-लिहा, नसेल तर नवी करू नका. आणि उघडल्यावर आत विद्यार्थ्यांचा तक्ता आहे ना, तेही विचारून घेतलं. नवी यादी करायची तर आता वेगळी आज्ञा द्यावी लागते.

आता फाईल जागेवर नसली तर ‘यादी सापडली नाही’ असं चक्क लाल अक्षरांत येतं. नातीला वाटलं मी घाबरेन. मला उलट बरं वाटलं. ‘नाही’ आणि ‘इथे नाही’ यात केवढा फरक आहे! वर्गात “बाई, वही घरी राहिली” म्हणणाऱ्या मुलाची मला कधी काळजी वाटली नाही, वही दुसऱ्या दिवशी येई. काळजी वाटे ती न बोलता कोरी वही पुढे करणाऱ्याची. त्याची जुनी वही कुठे गेली, हे मग कोणी विचारतच नसे.

असो. तुमच्या घरी अशी एखादी यादी असेल, तर ती उघडणारा प्रोग्रॅम फाईल सापडली नाही तर काय करतो, हे ज्याने तो लिहिलाय त्याला एकदा विचारून ठेवा.